आधी ऐक, मग चहा

आमच्या पोलादपूर तालुक्यात कुणाच्या दारात गेलात आणि चहाला नको म्हणालात, तर घरची बाई तोंडावर काही बोलायची नाही, पण मनातून तुमचं नाव खोडून टाकील. बायजाकाकी कुणाकडेच चहा घेत नाही. स्वतःच्या घरीही घेत नाही. तिला मात्र कुणी आग्रह करत नाही, कारण टेपवाडीत सगळ्यांना त्यामागचं कारण माहीत आहे.

तिची दुसरी खोड जास्त त्रासाची. नव्या घराची वास्तुशांत असली की बाकीचे पाहुणे चपला काढून पुढच्या दाराने आत जातात आणि फरशी बघून "बेस झालं हो" म्हणतात. बायजाकाकी दारातून आत शिरतच नाही. ती वळसा घालून मागे जाते, डोंगराच्या बाजूला, जिथे धड झाडलेलंही नसतं. तिच्या हातात छत्रीची काडी असते. छत्री कधीच मेली, काडी तेवढी उरलीय. मागच्या भिंतीत पायपाचे जे तुकडे बसवलेले असतात, त्यांत ती एकेक करून काडी घालते आणि ढोसून बघते. एखादा तुंबलेला निघाला तर घरधन्याला पूजेवरून उठवते. मागच्या वर्षी एकाला सोवळ्यात, हातात पळी असताना उठवलं. भटजी चिडले. काकी म्हणाली, "मंतर थांबतील. पानी थांबंल का?"

मी या वाडीच्या शाळेत शिकवते. माहेर महाडचं, राहते पोलादपुरात. कुडपणच्या रस्त्यावर एका वळणाला स्कूटी लावायची आणि पुढचा चढ पायी चढायचा, हे माझं रोजचं. शाळेचा पट इतका लहान की हजेरी घ्यायला तोंड उघडावं लागत नाही, नजर फिरवली की झाली. शाळेच्या कुंपणाला लागूनच गोमाजीकाका आणि बायजाकाकीचं घर. म्हणून हे सगळं मी ऐकीव सांगत नाही, बघितलेलं सांगते आहे.

तेव्हा ते घर मातीचं होतं. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं. गोमाजीकाका भात आणि नाचणी करायचे, दोन म्हशी आणि चार गाई होत्या. मुलगा सुनील मुंबईत एका गोदामात कामाला. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "घर बांधून झालं की करू. नव्या घरात नवा डोळा."

आणि काकी? काकीच्या हातचं घर बघायला शेजारच्या वाडीतल्या बाया यायच्या. मातीच्या घराला बाई म्हणजे गवंडीच. रोज कुठेतरी भेग पडते, उंदीर बीळ पाडतो, पोपडा सुटतो, आणि रोज कुणीतरी शेण-माती घेऊन तिथे बसावं लागतं. बायजाकाकी लग्न होऊन आली तेव्हापासून भोकं बुजवत आली होती. तिच्या भिंतीला बोटभर भोक सापडायचं नाही. काका थट्टा करायचे, "माझ्या घरातला उंदीर बाहेर भाड्यानं ऱ्हातो."

मग दोन हजार एकवीसचा तो पाऊस आला. तळीयेला डोंगर घरांवर आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नव्याने सांगायला नको. रस्ते जरा मोकळे झाल्यावर आमच्याकडचे काही पुरुष फावडी घेऊन मदतीला गेले. त्यात काका होते. परत आले ते घरी न जाता शाळेच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. ते तांब्या हातात धरून बसून राहिले.

"बाई, घरं चांगली व्हती वो," ते म्हणाले. "माझ्या घरापेक्षा चांगली."

त्याच पावसात त्यांच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. काकीने ती दुसऱ्याच दिवशी लिंपून टाकली होती. काकांनी ती भेग मला नेऊन दाखवली, म्हणजे लिंपलेली जागा दाखवली, आणि विचारलं, "डोंगराच्या पायथ्याशी घर कसं बांधायचं, ह्ये कुटं तरी लिवलेलं असंल ना? येवढं सरकार हाय. कुनीतरी लिवलं असंल."

"असणार काका. नियम असतात बांधकामाचे," मी म्हणाले. शिक्षिकेला माहीत नाही म्हणायची सवय नसते.

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. सुनील फोनवर ओरडायचा, "बाबा, यूट्यूबवर सब कुछ आहे. जेसीबी आणतो, डोंगर सरळ कापतो, एका दिवसात प्लॉट क्लिअर. वर स्लॅब. टेन्शन कशाला घेताय?" काका शांतपणे म्हणायचे, "आदी इचारीन, मग खनीन." काकी भाकरी बांधून द्यायची आणि आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणायची, "आमचे ह्ये घर बांधायला निघालेत का दहावीला बसलेत, तेच कळत नाय."

ते जिथे जिथे गेले तिथल्या माणसांनी त्यांना हाकललं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. बसायला खुर्चीसुद्धा दिली. पण एका कचेरीत परवानगीसाठी कोणते कागद लागतात ते सांगितलं, दुसऱ्या कचेरीत घरकुलाच्या यादीत नाव येतं का ते बघितलं, तिसऱ्या ठिकाणी म्हणाले की वास्तूप्रमाणे दार पूर्वेला ठेवा. घर कसं बांधायचं ते कुणाला विचारलं की तो दुसऱ्याचं नाव सांगायचा. शेवटी कुणीतरी दया येऊन काकांना नियमांचं जाडजूड पुस्तक छापून दिलं. ते पिशवीत घालून, वर प्लॅस्टिक गुंडाळून, त्यांनी शाळेत आणलं.

मुलं घरी गेल्यावर मी वाचायची आणि काका चांगला डोळा माझ्याकडे करून ऐकायचे. जिन्याची पायरी किती उंच असावी, खिडकी खोलीच्या किती हिश्श्याची असावी, रस्त्यापासून घर किती आत घ्यावं. चारचाकी लावायला किती जागा सोडावी हेसुद्धा होतं. टेपवाडीत चारचाकी सोडा, बैलगाडीही कधी चढलेली नाही. काका सगळं मन लावून ऐकायचे, मध्येच विचारायचे, "आनि डोंगराचं?" मी पानं उलटायची. एकदा डोंगराचं सापडलं. अमुक इतक्या चढापेक्षा जास्त चढ असेल तर तिथे बांधकामच करू नये, असं लिहिलं होतं.

काका हसले. "म्हंजे वाडीच करू नये."

मला त्या दिवशी इतका राग आला की पुस्तक मी टेबलावर आपटलं. पुस्तक खोटं नव्हतं. ते शहाण्या माणसांनीच लिहिलं होतं. पण ही माणसं सात पिढ्या त्या चढावर राहताहेत, त्यांची भातं तिथे, त्यांचा देव तिथे, आणि पुस्तकाच्या हिशेबाने ती नाहीतच. जे नाहीत त्यांना कसं जगावं ते कोण कशाला सांगेल?

शोध संपला तो महाडात. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत निशिगंधा नावाच्या मुलीने नकाशे काढण्याचं छोटं ऑफिस थाटलं होतं. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकलेली, माझ्या मामेबहिणीची मुलगी. ऑफिस पहिल्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर दिसत होती आणि तिने ती मुद्दाम रंगवू दिली नव्हती. मी काकांना घेऊन गेले. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "काका, ते राहू दे. आधी सांगा, घराच्या मागे डोंगर किती कापणार आहात? आणि पावसात त्या डोंगरातून पाणी कुठे फुटतं?"

काकांनी पुस्तक पिशवीत परत सरकवलं. त्यांचा बरा असलेला डोळा भरून आला. दीड-दोन वर्षांत डोंगराबद्दल विचारणारं पहिलं माणूस त्यांना भेटलं होतं.

मग ती स्वतः वाडीवर आली. घामाने निथळत चढ चढली, ओढा बघितला, वरच्या कातळावर जाऊन आली. घराच्या मागे सगळे पुरुष जमले. काका, गवंडी, मुंबईहून आलेला सुनील, शेजारचे दोघे-तिघे. निशिगंधा समजावून सांगत होती. डोंगर सरळ उभा कापायचा नाही, पायऱ्या पाडून कापायचा. जेवढा कापाल तेवढी तरी जागा डोंगर आणि घर यांच्यामध्ये मोकळी सोडायची, म्हणजे घर पुढे सरकवायचं. वरच्या अंगाला चर खणायचा म्हणजे पावसाचं पाणी बाजूला जाईल. जोत्याला, खिडक्यांवर आणि कोपऱ्यांत सळई कशी बांधायची. कापलेल्या जागेला दगड-सिमेंटची भिंत, भिंतीच्या पाठीमागे खडी, आणि भिंतीत आरपार पायपाचे तुकडे, दोन ओळींत. ते कशासाठी, तेही तिने सांगितलं. मी तिथेच उभी होते, मी ऐकलं. डोंगरात मुरलेलं पाणी भिंतीच्या मागे साठतं, त्याला वाट दिली नाही तर ते भिंतीला ढकलतं.

बायजाकाकी तेव्हा आत होती. इंजिनेरबाई पायी चढून आली होती, तिला चहा नको? म्हशीच्या दुधाचा, आलं ठेचून घातलेला चहा. काकी कपबशा घेऊन बाहेर आली तोवर बोलणं संपलं होतं. सगळ्यांनी चहा घेतला आणि निशिगंधा म्हणाली, "काकी, असा चहा महाडात मिळत नाही." काकी इतकी खूश झाली की तिला निघताना अर्धा शेर तूप दिलं.

रात्री घरात ती दोघं काय बोलली ते मला माहीत नाही. पण घराचं बोलणं घरातल्या बाईला सांगायची आमच्याकडे रीत नाही, त्यात वाईट हेतूही नसतो. भिंत हे पुरुषांचं काम, चूल हे बाईचं. काकांच्या मनातच आलं नसेल.

दिवाळी झाली आणि काम लागलं. काकांनी निशिगंधाचा शब्द खाली पडू दिला नाही. सुनील भांडला, की भिंतीतच सगळं सिमेंट चाललंय, घराला काय लावू? काका ऐकेनात. रोज पायपाचे तुकडे मोजायचे, गवंड्याला वरचा चर आणखी खोल करायला लावायचे. घर पुढे सरकलं, आणि डोंगर आणि घर यांच्यामध्ये जी जागा सुटली तिचं सुरेख अंगण झालं. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला तुळस. ते अंगण बघून वाडी म्हणाली, यंदा शिमग्याला पालखी गोमाजीच्या अंगणात बसवायची. जुन्या घराला एवढं अंगणच नव्हतं. देवाची पालखी प्रत्येक घरी यायची, पण खाली टेकायची ती दुसऱ्यांच्या खळ्यात. आता पहिल्यांदा ती त्यांच्या दारात बसणार होती.

काका पालखीचे मानकरी. त्या दिवसांत मानकरी घरी येत नाहीत, पालखीबरोबर वाड्या फिरतात, सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, झोपतात. म्हणजे देव दारात येण्याच्या आधी घर सजवायचं काम काकीच्या एकटीच्या अंगावर. तिने अंगण चोपून सारवलं. डोंगराकडच्या नव्या भिंतीला चुना काढायला घेतला. तेवढ्यात शेजारची आवडी आली, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

"काकी गो, देवाच्या तोंडासमोर ही बिळं ठेवनार? जनावर येऊन बसंल त्यात."

आमच्याकडे जनावर म्हणजे साप. संध्याकाळी त्याचं नाव घेत नाहीत.

काकीला ते पटलं. न पटायला काय झालं? देव यायच्या आधी घरातली आणि अंगणातली बिळं बुजवायची, ही आमच्याकडची जुनी चाल. सासूने तिला शिकवलेलं, तिने कितीतरी सुनांना शिकवलेलं. थंडीत बांधलेली भिंत, पायपातून पाण्याचा एक थेंब आलेला तिने पाहिला नव्हता. तिला वाटलं, गवंड्याने कसल्यातरी कामासाठी भोकं ठेवली आणि बुजवायची विसरला. पुरुषांची कामं अशीच, अर्धी टाकून उठतात. पोत्यात उरलेलं सिमेंट होतं. तिने वाळू कालवली, एकेक पाईप ठासून भरला, वरून हात फिरवून गुळगुळीत केला आणि सगळ्यावर चुना काढला. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाली, "बाई, या बघायला. आरशावानी भिंत केलीय." माझी त्या आठवड्यात महाडला निवडणुकीच्या कामाची प्रशिक्षणं चालली होती. गेले तेव्हा अंगणात ढोल वाजत होते आणि भिंतीसमोर माणसांची दाटी होती. पालखी बसली. काकीने ओटी भरली. काका घामाने भिजलेले, गुलालाने माखलेले, एका डोळ्याने आपल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघून म्हणाले, "झकास." त्यांना पांढरं तेवढं दिसलं.

शिमगा झाला तशा बाया पावसाळ्याच्या लाकडांना लागल्या. काकीने भिंतीला टेकून छातीएवढी लाकडं रचली, त्यावर शेणी, त्यावर पेंढा, वर पत्रा. आता तिथे भिंत आहे हेही दिसेना.

जुलैत पाऊस असा लागला की मुलांना शाळेत पाठवू नका म्हणून मीच निरोप धाडला. तीन-चार दिवस सूर्य नव्हता. त्या पहाटे गोठ्यात म्हशी दावी ओढून हंबरायला लागल्या. जनावराला आधी कळतं म्हणतात. काका उठले, डोक्यावर इरलं घेतलं आणि काकीला म्हणाले, "च्या टाक, गुरं सोडून येतो."

काकीने चहा टाकला. आधणाला उकळी आली, तिने गूळ घातला, आणि मागे असा आवाज झाला की चुलीवरचं भांडं हललं. ती धावत मागच्या दाराशी गेली तर अंगण नव्हतं. भिंत, लाकडं, गोठा, सगळं एकाच चिखलात. घर मात्र उभं होतं. भिंतीपासून जेवढं दूर घ्यायला सांगितलं होतं तेवढं घेतलेलं घर, त्याला खरचटलंही नव्हतं. दोन गाई वाचल्या, त्यांची दावी काकांनी सोडली होती. काकांना काढायला दुपार झाली. काकी ओट्यावर बसून होती, आणि चुलीवरचा चहा करपून भांड्याला चिकटलेला वास घरभर होता. तो वास मला अजून येतो. मी रडले ते तिथेच रडले, माती उपसणाऱ्यांच्या समोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सुनील मुंबईहून आला. अग्नी दिला, आणि मग माणसाला जे लागतं ते त्याला लागलं, कुणीतरी गुन्हेगार. "त्या मॅडमने भिंत बांधायला लावली," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तिच्या नियमांनी बाबा गेले. मी म्हटलं होतं, जेसीबीने साफ करू."

निशिगंधा आली ती त्याच दिवसांत, दहाव्याच्या आधी. पाऊस जरा उघडला होता. ती सुनीलशी बोलली नाही. पडलेल्या भिंतीच्या ढेकळांमध्ये वाकून बघू लागली. एक मोठा तुकडा तिने उलटा केला. पायपाचं तोंड होतं, सिमेंटने भरलेलं, वरून चुना. दुसरा उलटा केला. तिसरा. मग ती तशीच उकिडवी बसून राहिली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही कुणी बुजवली?" तिने विचारलं.

"गवंड्याने असंल," सुनील म्हणाला. "साल्याला सोडनार नाय मी."

"मी बुजवली," ओट्यावरून आवाज आला.

बायजाकाकी उतरून आली. पांढऱ्या कपाळाची, आठवडाभरात दहा वर्षं म्हातारी झालेली. तिने तो तुकडा हातात घेतला, आपणच गुळगुळीत केलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. गवंड्याला कुणी काही बोलू नये म्हणून ती पुढे आली होती, तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तिने सरळ मनाने विचारलं, "का बाय? ही भोकं कशापायी ठेवलीवती?"

निशिगंधाने माझ्याकडे बघितलं. सांगू की नको, असं. मी मान खाली घातली. मला वाटतं मी तिच्या जागी असते तर खोटं बोलले असते. ती बोलली नाही. तिने काकीचा हात धरला, डोंगराची कापलेली बाजू दाखवली, जिथून अजून पाणी झिरपत होतं, आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. तेच, जे त्या दिवशी पुरुषांना सांगितलं होतं. पाणी मागे साठतं. त्याला वाट लागते. वाट नाही मिळाली तर ते भिंत ढकलतं.

काकी झिरपणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. वाडीतल्या कुठल्याही बाईला ते एकदा सांगितलं असतं तर जन्मात विसरली नसती, इतकं ते साधं होतं.

"तरी पण काकी, या वर्षीचा पाऊस एवढा होता," निशिगंधा घाईघाईने म्हणाली, "की कदाचित तशीही..."

"नको बाय," काकी म्हणाली. "गोड नको बोलूस." मग तिने विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं, "येवढं सोपं व्हतं, तर मला का नाय सांगितलंस त्या दिशी? मी घरातच व्हते की."

निशिगंधाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुम्ही आत चहा करत होतात, काकी."

बायजाकाकीने मान हलवली. "व्हय," ती म्हणाली. "च्याच करत व्हते."

दोनदा, असं ती म्हणाली नाही. पण मला ते ऐकू आलं.

त्या दिवसापासून तिने चहा सोडला. आणि काडी हातात घेतली. निशिगंधा आता आमच्या तालुक्यात बऱ्याच वाड्यांवर जाते. घर बांधायच्या आधी लोक तिला बोलावतात, आणि तिच्या येण्याची कुणकुण लागली की बायजाकाकी आधीच तिथे हजर असते. पुरुष मागे जमतात, घरातली बाई आधण ठेवायला आत वळते, आणि काकी तिचं मनगट धरते. "आधण उतरव गो. आदी ऐक, मग च्या." तिला ओढत मागे नेते, सगळ्यांच्या पुढे उभी करते. निशिगंधाही बाई येऊन उभी राहीपर्यंत तोंड उघडत नाही. एखादीला पाण्याचं कळलं नाही तर काकी स्वतः सांगते, तिच्या भाषेत. "डोंगर चार म्हैने पानी पितो. त्याला मुतायला जागा नको?" बाया तोंडाला पदर लावून हसतात. पण त्यांच्या घरचा एकही पाईप आजवर कुणी बुजवलेला नाही. शिमग्याला पालखी येते तेव्हा भोकं असलेल्या भिंतीसमोरच देव बसतो. त्याची काही तक्रार नाही.

सुनील आईला मुंबईला चल म्हणून दर सुट्टीत विनवतो. ती जात नाही. घर चांगलं आहे, म्हणते. त्यांनी विचारून बांधलंय.

या मे महिन्यात आवडीच्या घरामागे भिंत झाली. तीच आवडी, बिळं म्हणणारी. तिने त्या दिवसाबद्दल काकीशी कधी शब्द काढलेला नाही आणि काकीनेही तिला कधी बोल लावलेला नाही. निशिगंधाने सगळं समजावलं, आवडीने पाचदा "का?" विचारलं, पाचही वेळा उत्तर मिळालं, आणि मग चहा आला. गडबडीत आवडीने एक कप बायजाकाकीच्याही हातात दिला आणि देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तशीच उभी राहिली, रडवेली.

काकीने कप परत केला नाही. थोडा वेळ हातात धरला, मग नव्या भिंतीच्या कडेवर, पहिल्या पायपाच्या वर, नीट ठेवला.

"च्या टाक म्हनाले व्हते," ती म्हणाली, आणि काडी घेऊन पुढच्या पायपाकडे गेली.